मूत्रपिंड निकामी होते तेव्हा : डायलिसिस, प्रत्यारोपण आणि बंगळुरूचा अनुभव

मानवी शरीरातील दोन मूत्रपिंडे आकाराने जेमतेम मुठीएवढी असतात. परंतु त्यांचे कार्य अत्यंत व्यापक आहे. रक्तातील युरिया, क्रिएटिनिन यांसारखी टाकाऊ द्रव्ये गाळून मूत्रावाटे बाहेर टाकणे, शरीरातील पाणी, सोडियम, पोटॅशियम व आम्ल यांचा समतोल राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे, तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तयार करणे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला क्रियाशील रूप देऊन हाडे बळकट ठेवणे ही सर्व कामे मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. त्यामुळे मूत्रपिंड निकामी होणे म्हणजे केवळ मूत्र कमी होणे नव्हे, तर शरीराची संपूर्ण अंतर्गत व्यवस्था कोलमडणे होय.

दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराचे वैशिष्ट्य म्हणजे तो निःशब्दपणे वाढतो. मूत्रपिंडाची निम्म्याहून अधिक क्षमता नष्ट होईपर्यंत रुग्णाला फारसा त्रास जाणवत नाही. पायांवर सूज, थकवा, मळमळ, धाप ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मधुमेह व उच्च रक्तदाब ही या विकाराची दोन प्रमुख कारणे होत. त्याशिवाय मूत्रपिंडातील गाळण-यंत्रणेचा दाह, मुतखडे, आनुवंशिक विकार आणि वेदनाशामक औषधांचा अनिर्बंध वापर यांमुळेही मूत्रपिंडे निकामी होतात. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला १५ मिलिलिटरच्या खाली गेली की रोग अंतिम टप्प्यात पोहोचला, असे मानले जाते. या टप्प्यावर रुग्णापुढे प्रामुख्याने दोन मार्ग उरतात : डायलिसिस अथवा प्रत्यारोपण. दोन्ही मार्ग जीव वाचवितात. मात्र दोहोंच्याही स्वतःच्या गुंतागुंती आहेत. त्या सांभाळणे हा वैद्यकशास्त्राइतकाच सार्वजनिक व्यवस्थेचाही प्रश्न आहे.

डायलिसिसचे तत्त्व व प्रकार

डच वैद्य विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, सेलोफेनच्या नळ्या गुंडाळलेल्या फिरत्या पिंपाचा वापर करून पहिले कार्यक्षम कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. अर्धपार्य पडद्याच्या एका बाजूने रक्त व दुसऱ्या बाजूने विशिष्ट क्षारांचे द्रावण वाहू दिले, तर रक्तातील टाकाऊ द्रव्ये विसरणाने द्रावणात उतरतात, हे त्यामागील साधे तत्त्व होय. आजच्या डायलायझरमधील हजारो सूक्ष्म पोकळ तंतू हेच काम करतात. याला हिमोडायलिसिस म्हणतात. सामान्यतः आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास हा उपचार घ्यावा लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस. यात पोटाच्या आतील नैसर्गिक आवरणाचाच पडदा म्हणून उपयोग केला जातो. पोटात कायमस्वरूपी बसविलेल्या नळीतून द्रावण आत सोडतात व काही तासांनी ते बाहेर काढतात. हा उपचार घरी करता येत असल्याने दुर्गम भागातील रुग्णांना तो सोयीचा ठरतो. तथापि, नळी हाताळताना स्वच्छतेत कसूर झाल्यास पोटातील आवरणाला जंतुसंसर्ग होतो आणि तो गंभीर रूप धारण करू शकतो.

डायलिसिसमधील गुंतागुंत

हिमोडायलिसिससाठी मिनिटाला काही शे मिलिलिटर रक्त यंत्रात फिरवावे लागते. नेहमीच्या शिरेतून एवढा प्रवाह मिळत नाही. त्यासाठी हाताची रोहिणी व शीर शस्त्रक्रियेने जोडतात. याला फिस्टुला म्हणतात. ही पद्धत १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथील ब्रेशिया, चिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली आणि आजही तीच सर्वांत सुरक्षित मानली जाते. फिस्टुला वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे लागतात. परंतु बहुसंख्य रुग्ण ऐन वेळी, धाप लागलेल्या अवस्थेत रुग्णालयात येतात व त्यांच्या मानेतील शिरेत तात्पुरती नळी घालावी लागते. अशी नळी म्हणजे जंतूंना थेट रक्तात शिरण्यासाठी उघडलेले दार होय. म्हणूनच थंडी वाजून ताप येणे हे डायलिसिसच्या रुग्णात कधीही दुर्लक्षिण्याजोगे लक्षण नसते. फिस्टुला असलेल्या हातावर रक्तदाब मोजू नये, त्यातून तपासणीसाठी रक्त घेऊ नये, त्या हाताने जड ओझे उचलू नये आणि त्यातील थरथर रोज बोटांनी तपासावी, हे नियम रुग्णाला आरंभीच शिकविणे आवश्यक असते.

उपचार चालू असताना सर्वाधिक आढळणारी अडचण म्हणजे रक्तदाब एकदम खाली जाणे. दोन उपचारांच्या मधल्या काळात शरीरात साठलेले पाणी चार तासांत काढावे लागते. हे पाणी जितके अधिक, तितका हृदयावर ताण अधिक. पायांत गोळे येणे व चक्कर येणे हेही त्याचेच परिणाम. त्यामुळे रुग्णाचे ‘कोरडे वजन’ ठरविणे आणि मीठ व पाणी मर्यादेत ठेवणे हा व्यवस्थापनाचा पाया आहे. लोणचे, पापड व खारवलेले पदार्थ टाळल्याने तहानच कमी लागते. शहाळ्याचे पाणी, केळी व फळांचे रस निरोगी माणसाला हितकारक असले, तरी पोटॅशियममुळे या रुग्णांत ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. बंगळुरूसारख्या, जागोजागी शहाळी मिळणाऱ्या शहरात ही बाब आहारतज्ज्ञाला विशेष आवर्जून सांगावी लागते.

दीर्घ काळात रक्तक्षय, हाडांची झीज, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचणे आणि हृदयविकार या समस्या उद्भवतात. रक्तक्षयासाठी एरिथ्रोपोएटिन व लोहाची इंजेक्शने, हाडांसाठी फॉस्फरस बांधून ठेवणारी औषधे व क्रियाशील ‘ड’ जीवनसत्त्व दिले जाते. एकाच कक्षात अनेकांचे रक्त हाताळले जात असल्याने ‘ब’ व ‘क’ प्रकारच्या काविळीचा धोका असतो. त्यावर ‘ब’ काविळीची लस, बाधित रुग्णांसाठी स्वतंत्र यंत्र आणि हातमोज्यांची काटेकोर शिस्त हे उपाय आहेत.

पाण्याचा प्रश्न

डायलिसिसच्या चर्चेत पाण्याचा विचार बहुधा मागे पडतो. वस्तुतः मिनिटाला ५०० मिलिलिटर या नेहमीच्या गतीने चार तासांत सुमारे १२० लिटर द्रावण रुग्णाच्या रक्ताच्या सान्निध्यातून वाहते. आठवड्याला तीन उपचार धरल्यास हा आकडा ३६० लिटर, तर वर्षाला सुमारे १८,७०० लिटर होतो. पाणी शुद्ध करताना वाया जाणारा भाग धरल्यास प्रत्यक्ष मागणी याहून बरीच अधिक असते. पिण्याच्या पाण्यातील अशुद्धी आतड्यांच्या अडसरामुळे काही प्रमाणात रोखली जाते. डायलिसिसमध्ये मात्र रक्त व पाणी यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक राहिल्यास उलट्या व डोकेदुखी, क्लोरामाइन राहिल्यास तांबड्या पेशींचा नाश आणि ॲल्युमिनियम साचल्यास मेंदू व हाडांचे विकार संभवतात. ब्राझीलमधील कारुआरू शहरात १९९६ मध्ये नील-हरित शैवालाच्या विषाने दूषित झालेले पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. ही घटना जगभरच्या जलशुद्धीकरण-मानकांसाठी इशारा ठरली.

बंगळुरूच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराजवळ मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, सुमारे ५०० मीटर उंची चढवून आणावे लागते. नळयोजना न पोहोचलेल्या वस्त्या कूपनलिका व टँकरवर अवलंबून राहिल्या. मार्च २०२४ मध्ये शहरात तीव्र पाणीटंचाई निर्माण झाली, तेव्हा घरगुती गैरसोयीबरोबरच रुग्णालयांच्या पाणीपुरवठ्याचीही चिंता पुढे आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित झाला. शहरात समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी दररोज ७७.५ कोटी लिटर अतिरिक्त पाण्याची ही योजना आहे. तरीही कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या केंद्रांत मृदूकरण, कोळशाचा गाळणथर व प्रतिवर्ती परासरण (आरओ) या तिन्ही पायऱ्या आणि त्यांची नियमित रासायनिक व जिवाणू तपासणी अनिवार्य ठरते. टँकर बदलला की पाण्याचा गुणधर्मही बदलतो, हे लक्षात ठेवून तपासणीचे वेळापत्रक आखावे लागते.

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम

देशात दरवर्षी अंतिम टप्प्यातील सुमारे २.२ लाख नव्या मूत्रपिंड रुग्णांची भर पडते व त्यामुळे ३.४ कोटी डायलिसिस उपचारांची अतिरिक्त मागणी निर्माण होते, असे २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नमूद करण्यात आले होते. या दोन आकड्यांमागील हिशेब सोपा आहे : आठवड्याला तीन याप्रमाणे वर्षाचे १५६ उपचार एका रुग्णाला लागतात. त्या वेळी देशात सुमारे ४,९५० डायलिसिस केंद्रे होती आणि ती बहुतांशी खासगी क्षेत्रात व मोठ्या शहरांत होती. हे चित्र पालटण्यासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या या प्रारूपात यंत्रे, शुद्धीकरण संयंत्र, डायलायझर व मनुष्यबळ खासगी भागीदार पुरवितो. तर जागा, औषधे, वीज व पाणी शासन देते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा विनामूल्य आहे. २०१९ मध्ये पेरिटोनियल डायलिसिससाठीही मार्गदर्शक तत्त्वे जारी करण्यात आली.

या प्रारूपाची बलस्थाने व मर्यादा कर्नाटकात स्पष्टपणे दिसून आल्या. तालुका रुग्णालयांपर्यंत यंत्रे पोहोचल्याने रुग्णांचा प्रवास वाचला. तथापि, कंत्राटी संस्थांची देयके व तंत्रज्ञांचे थकलेले वेतन यांवरून २०२१ नंतरच्या काळात शासकीय रुग्णालयांतील सेवा वेळोवेळी विस्कळीत झाली. इतर अनेक सेवांत आठवडाभराचा खंड सहन होऊ शकतो. डायलिसिसमध्ये सलग दोन उपचार चुकणेही प्राणघातक ठरू शकते. पुढे, २०२४ च्या आरंभी राज्याने केंद्रांचा विस्तार करताना एकाच रुग्णासाठीही डायलायझर पुन्हा न वापरता तो प्रत्येक वेळी नवा देण्याची पद्धत स्वीकारली. पुनर्वापरातील सदोष निर्जंतुकीकरणामुळे होणारा संसर्ग टाळण्याच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे आहे. बंगळुरूच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारातील राज्य शासनाची नेफ्रो-युरॉलॉजी संस्था ही गरीब रुग्णांसाठी डायलिसिस व प्रत्यारोपण या दोन्ही सेवांचे प्रमुख केंद्र आहे.

प्रत्यारोपण : नवे मूत्रपिंड, नवी जबाबदारी

डायलिसिस मूत्रपिंडाच्या कार्याचा काही भागच भरून काढते. संप्रेरकांचे काम त्याला करता येत नाही. योग्य रुग्णाला प्रत्यारोपणाने अधिक आयुष्य व अधिक मोकळे जीवन लाभते. बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकरूप जुळ्या भावांमध्ये जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले. त्या क्षेत्रातील कार्याबद्दल मरे यांना १९९० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतात १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात पहिला प्रयत्न झाला, तर १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले.

शस्त्रक्रियेत नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूला बसवितात. जुनी मूत्रपिंडे बहुधा जागीच ठेवली जातात. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. शरीराची प्रतिकारशक्ती परक्या अवयवाला ओळखते व त्यावर हल्ला करते. हा नकार काही मिनिटांत, काही आठवड्यांत अथवा अनेक वर्षांत हळूहळू येऊ शकतो. रक्तगट, ऊतींची जुळणी व प्रतिपिंडांची तपासणी पूर्वीच केल्याने तत्काळ येणारा नकार आता क्वचितच आढळतो. नंतरचा नकार टाळण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट व प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे मूत्रपिंड कार्यरत असेपर्यंत घ्यावी लागतात.

ही औषधे दुधारी आहेत. प्रतिकारशक्ती दडपल्याने क्षयरोग, बुरशीजन्य रोग, सायटोमेगॅलो व बीके विषाणूंचा संसर्ग संभवतो. मधुमेह, उच्च रक्तदाब व काही कर्करोगांचे प्रमाण वाढते. भारतात क्षयरोगाची समस्या विशेष बिकट ठरते, कारण त्यावरील रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणते. संसर्ग बरा करावा तर मूत्रपिंड धोक्यात आणि मूत्रपिंड जपावे तर संसर्ग बळावतो, अशा कोंडीतून वारंवार रक्तचाचण्या व मात्रेतील बदल यांद्वारेच वाट काढता येते. औषध परवडत नाही म्हणून ते अर्ध्यावर सोडणे हे मूत्रपिंड गमावण्याचे टाळता येण्याजोगे मोठे कारण आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेसाठी अर्थसाहाय्य देणाऱ्या योजनांनी त्यानंतरच्या औषधखर्चाचाही विचार करणे अगत्याचे ठरते.

कायद्याची चौकट

१९८० च्या दशकात व १९९० च्या आरंभी बंगळुरू, चेन्नई व मुंबई ही शहरे मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीसाठी कुप्रसिद्ध झाली होती. कर्जबाजारी मजूर दलालांच्या हाती सापडत व अवयव गमावूनही कर्जातच राहत. या पार्श्वभूमीवर संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ संमत केला. आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने संविधानाच्या अनुच्छेद २५२ चा आधार घेण्यात आला. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधानमंडळांनी तसे ठराव केले होते. या राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत ४ फेब्रुवारी १९९५ पासून कायदा अमलात आला. कर्नाटकानेही तो त्याच वर्षी स्वीकारला.

या कायद्याने तीन मूलभूत गोष्टी केल्या. अवयवांचा व्यापार दंडनीय ठरविला; मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता दिली; आणि जिवंत दात्याकडून होणाऱ्या दानाला निकटच्या नातलगांची चौकट घातली. नातलग नसलेल्या दात्यासाठी प्राधिकार समितीची पूर्वसंमती आवश्यक असते. मेंदूमृत्यू चार वैद्यकांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून प्रमाणित करावा लागतो. २०११ च्या सुधारणेने आजी-आजोबा व नातवंडे यांचा निकटच्या नातलगांत समावेश केला, दोन कुटुंबांमधील दात्यांच्या अदलाबदलीला मान्यता दिली आणि व्यापारासाठी पाच ते दहा वर्षे कारावास व २० लाख ते एक कोटी रुपये दंडाची तरतूद केली. पत्नीचा रक्तगट पतीशी जुळत नाही आणि दुसऱ्या कुटुंबाचीही तीच अडचण आहे, अशा प्रसंगी अदलाबदल हा कायदेशीर व कमी खर्चाचा मार्ग ठरतो.

बंगळुरूची समन्वय व्यवस्था

मेंदूमृत दात्याच्या अवयवांचे वाटप पारदर्शकपणे व्हावे यासाठी महाराष्ट्रात २००० मध्ये मुंबईत विभागीय समन्वय समिती स्थापन झाली. कर्नाटकात हेच कार्य करणारी विभागीय समिती बंगळुरूत २००७ पासून काम करू लागली. ती आज ‘जीवसार्थकते’ या नावाने ओळखली जाते. रुग्णालयाने मेंदूमृत्यूची नोंद कळविल्यावर समिती रक्तगट, प्रतीक्षेचा काळ व वैद्यकीय निकष यांनुसार क्रम ठरविते. हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते. मूत्रपिंड मात्र थंड द्रावणात २४ तास वा त्याहून काहीसे अधिक टिकते. त्यामुळे ते दूरच्या जिल्ह्यातील रुग्णापर्यंतही पोहोचविता येते. राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त कन्नड अभिनेते संचारी विजय यांचे जून २०२१ मध्ये बंगळुरूतील अपघातानंतर निधन झाले. कोविडच्या काळातही त्यांच्या कुटुंबीयांनी मूत्रपिंडांसह अवयवदानास संमती दिली आणि या विषयाची राज्यभर चर्चा झाली.

राष्ट्रीय पातळीवर २०१३ मध्ये ४,९९० अवयव प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये ही संख्या १८,३७८ झाली व त्यांपैकी १३,४२६ मूत्रपिंडांची होती. ही वाढ लक्षणीय असली, तरी २०२३ मध्ये संपूर्ण देशात मृत्यूनंतरचे दाते केवळ १,०९९ होते. म्हणजे दर दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी. त्यांपैकी १७८ कर्नाटकातील होते. स्पेनमध्ये हे प्रमाण दहा लाखांमागे ४८ च्या पुढे आहे. तेथील यशाचे श्रेय प्रत्येक मोठ्या रुग्णालयातील प्रशिक्षित समन्वयकांना दिले जाते.

आणखी एक विषमता चिंतनीय आहे. २०२३ मधील जिवंत दात्यांमध्ये ९,७८४ महिला व ५,६५१ पुरुष होते. १९९५ ते २०२१ या काळातील ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी महिलांच्या वाट्याला मात्र ६,९४५ आली. आई व पत्नी देतात. परंतु त्यांना गरज पडते तेव्हा देणारा पुढे येत नाही, असा या आकड्यांचा अर्थ आहे. दात्याचे समुपदेशन त्याच्या कुटुंबीयांपासून वेगळे, एकांतात करणे आणि दात्याच्या प्रकृतीची पुढील अनेक वर्षे नोंद ठेवणे हे म्हणूनच आवश्यक आहे. मृत्यूनंतरचे दान वाढले, तर घरातील स्त्रीवर येणारा अप्रत्यक्ष दबावही कमी होईल.

पुढील दिशा

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने मार्गदर्शक तत्त्वांत बदल करून नोंदणीसाठी अधिवासाची व ६५ वर्षे वयोमर्यादेची अट काढून टाकली. आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. महाराष्ट्रातील महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे. तथापि, उपचारांची क्षमता कितीही वाढविली, तरी दरवर्षी लाखो नवे रुग्ण या रांगेत उभे राहत असतील, तर ती अपुरीच पडणार.

रक्तदाब मोजणे, रक्तातील साखर व क्रिएटिनिन तपासणे आणि मूत्रातील प्रथिनांची चाचणी करणे या चार साध्या गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर होऊ शकतात. त्यांतून विकार लवकर हाती लागल्यास अनेकांचे डायलिसिस कित्येक वर्षे लांबविता येते आणि ज्यांना ते अटळ आहे त्यांचा फिस्टुला वेळेवर तयार करता येतो. शुद्ध पाणी, अखंडित सेवा, शस्त्रक्रियेनंतरची परवडणारी औषधे आणि मृत्यूनंतरच्या अवयवदानाची रुजलेली सवय या चार आधारांवरच मूत्रपिंड रुग्णांचे जीवन सुरक्षित होऊ शकेल.